देवळालीच्या वर्गात ६१७४

बोरीबंदरहून सुटलेल्या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर, खिडकीशी, तुम्हाला जागा मिळाली आहे. साल १९४९. डब्यावर जी. आय. पी. रेल्वेची अक्षरं आहेत. ‘मध्य रेल्वे’ हे नाव यायला अजून दोन वर्षं आहेत. रुपयाचे सोळा आणे होतात. तुमच्याजवळ आकडेमोडीचं कुठलंही यंत्र नाही, फक्त एक वही आणि शिसपेन्सिल. आज तेवढंच पुरणार आहे.

डोंबिवली आली की फलकाकडे बघून घ्या. या स्थानकाशी एका संख्यागटाचं नाव जोडलेलं आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१: अंक एकेक पायरी चढतात आणि तशाच उतरतात. अशा संख्यांचा आणि त्यांच्या भावंडांचा विचार ज्या माणसाला इथे सुचला, त्याने त्यांना या स्थानकावरूनच नाव दिलं, डेम्लो संख्या. त्याच माणसाला भेटायला तुम्ही निघाला आहात.

कल्याण मागे पडतं. कसाऱ्यानंतर गाडी घाट चढू लागते, बोगद्यांमागून बोगदे येतात. इगतपुरीला विजेचं इंजिन सुटतं आणि कोळशाचं लागतं. तेवढ्या वेळात फलाटावर चहा होतो. मग घोटी, अस्वली, लहवित. देवळालीला उतरलात की पहिल्यांदा हवेतला फरक कळतो. मुंबईची चिकट दमट हवा कुठल्या कुठे गेली. रस्त्यावर लष्करी छावणीची वर्दळ आहे, झाडांमागे बंगले आणि आरोग्यधामं आहेत. दोन-चार जणांना विचारत तुम्ही शाळेपर्यंत पोहोचता.

इथे शिकवणाऱ्या शिक्षकांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. वय चव्वेचाळीस. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. पोराच्या हाताला आकडेमोडीची गोडी तिथूनच लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झालं. पुढचं विद्यापीठीय शिक्षण नाही. १९३० पासून ते देवळालीत शिकवत आहेत.

मागच्या बाकावर एका मुलाने सरकून तुम्हाला जागा करून दिली आहे. (वर्ग कल्पनेतला आहे, फळ्यावरच्या वजाबाक्या मात्र एकूणएक खऱ्या.) गुरुजींनी फळ्यावर खेळ मांडला आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, मात्र चारही अंक एकच नकोत. तिचे अंक आधी उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या. मोठीतून लहान वजा करायची. उत्तर येईल त्याचंही तेच करायचं. आणि पुन्हा तेच.

संख्या शोधत बसू नका. साल तुमच्यासमोर आहे, तेच घ्या.

१९४९. उतरत्या क्रमाने ९९४१, चढत्या क्रमाने १४९९. वजाबाकी ८४४२.

८४४२ वजा २४४८, उत्तर ५९९४.

शेजारचा मुलगा पुढे गेलेला आहे, त्याची पेन्सिल पाटीवर कुरकुरते आहे. तुम्ही मात्र उसने घेताना अडखळता. फार वर्षांत हाताने वजाबाकी केलेली नाही. चारातून नऊ जात नाहीत, शेजाऱ्याकडून दहा उसने, चौदातून नऊ गेले पाच. ९९५४ वजा ४५९९, ५३५५.

५५५३ वजा ३५५५, १९९८.

९९८१ वजा १८९९, ८०८२.

इथे तुम्ही चढता क्रम लावताना २८८ लिहून मोकळे होता.

“ओ, शून्य नका सोडू,” मुलगा कुजबुजतो. “०२८८ लिहा. चार घरं म्हणजे चारच घरं.”

बरोबर आहे त्याचं. या खेळात शून्याला पूर्ण हक्काची जागा आहे. वाटेत उत्तर ९९९ आलं तर तेही ०९९९ असंच धरायचं असतं. नाहीतर सगळं बिघडतं. ८८२० वजा ०२८८, ८५३२.

८५३२ वजा २३५८, ६१७४.

आता पुढची वजाबाकी करा. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. आणखी एकदा करून बघा. पुन्हा तेच. संख्या जागची हलायला तयार नाही.

सात वजाबाक्या झाल्या. मुलाने दुसरीच संख्या घेतली होती, १९०५, गुरुजींचं जन्मसाल. त्याची पाटी बघा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. वाटेत तुमची आणि त्याची एकही संख्या सारखी नाही, आणि शेवट एकच. वर्गातल्या प्रत्येक पाटीवर शेवटी तीच संख्या उभी आहे. कुणाची तीन वजाबाक्यांत आली, कुणाची पाच. सातापेक्षा जास्त कुणालाच लागल्या नाहीत. लागणारही नाहीत. सुरुवातीची शून्यं धरून अशा ९९९० संख्या आहेत. त्यांतल्या २४०० तीन पायऱ्यांत पोहोचतात आणि २१८४ ना पुरत्या सात पायऱ्या लागतात. आठव्या पायरीची गरज एकीलाही नाही.

इथपर्यंत आलेले बहुतेक जण टाळी वाजवतात आणि निघून जातात. तुम्ही थांबा. या संख्येबद्दल मला सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते पुढच्या भागामुळे. जादूगार हातरुमाल उलगडून दाखवत नाही. ६१७४ मात्र आपलं सगळं गुपित सातवीतल्या मुलाच्या पाटीवर उलगडू देते.

वही उघडा. चार अंक उतरत्या क्रमाने मांडा: अ, ब, क, ड. उलट मांडले की ड, क, ब, अ. वजाबाकी केलीत की हजाराच्या आणि एककाच्या घरांत अ आणि ड यांची अदलाबदल आहे, मधल्या दोन घरांत ब आणि क यांची. अ हजार वेळा येतो आणि एकदा जातो, म्हणजे ९९९ वेळा उरतो. ड चं याच्या नेमकं उलट. ब शंभर वेळा येतो, दहा वेळा जातो, नव्वद उरले. क चंही तसंच उलट. म्हणून उत्तर काढायला चार अंक लागतच नाहीत. दोन फरक पुरतात. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला बाहेरचा फरक, आणि मधल्या दोघांतला आतला फरक. बाहेरच्याला ९९९ ने गुणा, आतल्याला ९० ने, आणि बेरीज करा.

हे एकदा पटलं की वर्गात बसल्याबसल्या सगळा पसारा डोळ्यांदेखत आकसायला लागतो. बाहेरचा फरक १ ते ९. आतला फरक शून्यापासून, पण बाहेरच्यापेक्षा कधीच मोठा नाही, कारण मधले दोघे बाहेरच्या दोघांच्या मध्येच बसलेले असतात. बाहेरचा १ असेल तर आतल्याला दोन पर्याय, २ असेल तर तीन, असं करत ९ ला दहा. दोनापासून दहापर्यंतची बेरीज ५४. जवळजवळ दहा हजार संख्या होत्या, पहिल्याच वजाबाकीत त्या चोपन्नांवर आल्या. त्या चोपन्न उत्तरांतही अनेकांचे अंक सारखेच आहेत, फक्त जागा वेगळ्या. आणि जागांना या खेळात किंमत नाही, कारण आपण अंक पुन्हा लावूनच घेतो. तसं बघितलं की उरतात तीस गट. तीस गट म्हणजे एका दुपारचं काम. प्रत्येकातून एक बाण काढा, तो कुठल्या गटात जातो ते लिहा. सगळे बाण शेवटी एका ठिकाणी येतात, जिथे बाहेरचा फरक ६ आणि आतला २ आहे. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, दोन गुणिले ९० म्हणजे १८०. बेरीज ६१७४. तिचे स्वतःचे अंक ७, ६, ४, १: सातातून एक गेला सहा, सहातून चार गेले दोन. ती स्वतःलाच परत जन्म देते.

घरं मोजकी असतील तर फिरत्याला कधीतरी जुन्या घरात परत यावंच लागतं, यात नवल नाही. त्याला दोन-चार घरांच्या फेऱ्यात अडकता आलं असतं. दोन वेगवेगळे फेरे असू शकले असते. इथे फेरा एकच आहे, आणि तो एकाच घराचा आहे. नवल आहे ते यात.

शाळा सुटायची वेळ झाली आहे, पण गुरुजींच्या इतर लाडक्या संख्यांमध्ये ६१७४ ला कुठे जागा आहे ते बघितल्याशिवाय उठू नका. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं: हर्ष देणारी. ६ आणि १ आणि ७ आणि ४, अठरा. ६१७४ ला अठराने भागा. बाकी शून्य, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. हर्षद तर आहेच, पण आणखी पुढे चला. अठरा, अठराचा वर्ग ३२४, अठराचा घन ५८३२. तिन्ही मिळवा. ६१७४. अंकांची बेरीज जी आहे तिच्याच पहिल्या तीन घातांतून ही संख्या उभी राहते.

दुसरी त्यांची कल्पना स्वयंभू संख्यांची. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते; जी संख्या अशा कुठल्याच बेरजेतून येत नाही ती स्वयंभू. २० घ्या. कितीही शोधलंत तरी तिचा जनक सापडत नाही. ३१ आणि ४२ चंही तेच. ६१७४ स्वयंभू असेल असं वाटतं, तिचा दिमाख बघता. नाही. ६१५६ मध्ये ६, १, ५ आणि ६ मिळवा: तिला जनक आहे. मला हे आवडतं. एका गुणासाठी जगभर ओळखली जाणारी संख्या दुसऱ्या ठिकाणी साध्या संख्यांच्या रांगेत उभी आहे.

त्याच १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेतही चला. कापरेकरांनी ६१७४ ची ही गोष्ट तिथे मांडली. सभागृहात त्यांच्यासारखे शाळामास्तर थोडे, विद्यापीठातले प्राध्यापक अधिक. देशातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं, अंकांची करमणूक. म्हणून त्यांचं बरंचसं लेखन दुय्यम नियतकालिकांत आलं, नाहीतर पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत. न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ने मात्र त्यांना जागा दिली, १९५५ मध्ये त्याच नियतकालिकात ६१७४ च्या गुणधर्मावर त्यांचा छोटा लेख आला.

नाकं मुरडणाऱ्यांची बाजू कच्ची नव्हती, आणि ती नीट ऐकायची तर नऊ वर्षं मागे, १९४० च्या केंब्रिजमध्ये जायला हवं. युद्ध सुरू आहे. रामानुजनना इंग्लंडला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी आता साठीच्या पुढे आहेत, आणि गणितज्ञाच्या आयुष्याचं समर्थन करणारं त्यांचं छोटेखानी पुस्तक नुकतंच निघालं आहे. त्यात ८७१२ आणि ९८०१ यांचा उल्लेख आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. चार अंकांत आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या एवढ्या दोनच. हार्डींच्या मते हे कोड्यांच्या सदराला शोभणारं आहे, गणितज्ञाचं मन त्यात रमावं असं काही नाही. अशा गोष्टींतून कुठलाही व्यापक सिद्धान्त निघत नाही, हा त्यांचा मुद्दा. शिवाय त्या संख्येच्या नव्हेतच, आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसणाऱ्या आहेत, असाही आक्षेप अंकांच्या खेळावर नेहमी घेतला जातो.

या आक्षेपाचं उत्तर मला पाटीवरच द्यावंसं वाटतं. दहा अंकांऐवजी पाचच अंकांत मोजणारी माणसं कल्पा: ०, १, २, ३, ४, आणि त्यानंतर लगेच १०. त्यांच्या चार अंकी संख्यांवर हाच खेळ खेळा. उसने घेताना दहा घ्यायचे नाहीत, पाच घ्यायचे. ३३२० वजा ०२३३, उत्तर ३०३२. पुन्हा करा, पुन्हा ३०३२. त्यांच्याकडेही सगळ्या वाटा एकाच घरात येतात. फरकांच्या चौदाच जोड्या आहेत, तुम्ही स्वतः तपासू शकता. पण सगळ्याच मोजणीपद्धतींत असं होत नाही. म्हणजे प्रश्न बदलला. ६१७४ ची गंमत मागे राहिली आणि पुढे आलं ते हे: कुठल्या मोजणीत, किती अंकांसाठी, सगळ्या वाटा एकाच घरी येतात? हा सिद्धान्ताच्या तोलाचा प्रश्न आहे. हार्डी फार मोठे गणितज्ञ होते. ८७१२ पुरतं त्यांचं म्हणणं मान्य करूनही, अशा संख्यांच्या सगळ्या कुळावर तो शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. १९६२, कापरेकर निवृत्त होतात. हे साल दोनच वजाबाक्यांत ६१७४ ला पोहोचतं: आधी ८३५२, लगेच ६१७४. १९६३, स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका देवळालीतून, स्वतःच्या खर्चाने. १९६६ मध्ये पत्नी जाते. निवृत्तिवेतन तुटपुंजं, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या. परिषदांना जाणं आणि लिहिणं चालूच.

मार्च १९७५ ला उतरा. अमेरिकेत ‘सायंटिफिक अमेरिकन’चा अंक आला आहे आणि मार्टिन गार्डनर यांच्या सदरात देवळालीचे कापरेकर आहेत. गार्डनर यांचं सदर जगभरचे गणितज्ञ वाचतात, हौशी आणि व्यावसायिक दोन्ही. इतकी वर्षं आपल्याकडे ज्यांना बाजूला ठेवलं गेलं, त्यांचं नाव एका महिन्यात सगळीकडे पोहोचतं.

साल लक्षात ठेवा. याच १९७५ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त ली आणि यॉर्क यांचा लेख येतो आणि गणिताला ‘केऑस’ हा शब्द मिळतो. याच साली मिचेल फायगेनबॉम हातातल्या छोट्या गणकयंत्रावर एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवत एका नव्या स्थिरांकापाशी येऊन पोहोचतो. एक साधी क्रिया घ्या, उत्तर पुन्हा तिच्यातच घाला, आणि शेवटी काय होतं ते बघत राहा: कुठे स्थिरावतं, कुठे फेरा धरतं, कुठे कशालाच बधत नाही. कापरेकरांच्या कामातून हे निघालं असं कुणीही म्हणू नये. वाटा वेगळ्या होत्या. पण ‘पुन्हा तेच करा, आणि बघा’ हा प्रश्न ते सव्वीस वर्षांपूर्वी खडूने फळ्यावर मांडत होते, आणि त्याकडे पोरखेळ म्हणून बघितलं गेलं, याची हळहळ मला वाटते.

आता वहीचं कोरं पान उघडा आणि चारऐवजी इतर घरं घेऊन बघा. दोन अंक: ०९ वरून ८१, ६३, २७, ४५, आणि परत ०९. पाच संख्यांचा फेरा, विश्रांती नाही. तीन अंक: सगळ्या वाटा ४९५ ला येतात, फार तर सहा पायऱ्यांत. पाच अंक: ५९९९४ वरून ५३९५५, तिथून परत ५९९९४, शिवाय चार-चार संख्यांचे आणखी दोन फेरे. स्थिर घर एकही नाही. सहा अंकांत स्थिर घरं दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्यांच्या जोडीला एक फेरा. म्हणजे सगळ्यांचं मिळून एक घर नाहीच. सात अंकांत आठ संख्यांचा एकच मोठा फेरा. आठ अंकांत पुन्हा दोन स्थिर घरं, ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१.

पुढे कुठेतरी, बारा किंवा वीस किंवा दोनशे अंकांवर, ६१७४ चं भावंड बसलेलं असेल का? हाताने हे कधीच संपलं नसतं. १९८१ मध्ये ‘फिबोनाची क्वार्टर्ली’त प्रिचेट, लडिंग्टन आणि लपेंटा यांनी अमेरिकेतून त्याचं उत्तर सिद्ध करून छापलं. दशमान पद्धतीत जिथे सगळ्या वाटा एकाच संख्येत येऊन थांबतात अशा जागा दोनच: तीन अंकांना ४९५, चार अंकांना ६१७४. त्यापुढे, कितीही अंक घ्या, तिसरी नाही. त्या वर्षी कापरेकर शहात्तर वर्षांचे होते, आणि त्यांच्या आयुष्याची आणखी पाच वर्षं बाकी होती.